*लिंक उघडत नाही? आधी पत्ता वाचा*



अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की फोन सुरू होतात, "साहेब, लिंक उघडत नाही." कधी पीक विम्याची, कधी महाडीबीटीवर कागदपत्रं अपलोड करायची, कधी पीएम किसानच्या ई-केवायसीची. तारीख गेली की अर्ज राहतो. आणि नेमक्या याच घाईत ग्रुपवर कोणीतरी दुसरी लिंक टाकतं, "ही उघडते बघा." ती दाबून बँक खातं रिकामं झाल्याचे प्रकारही घडतात.

म्हणून एक फरक लक्षात घ्या. चुकीची लिंक दोन प्रकारची असते. *तुटलेली* लिंक उघडत नाही, पण दुरुस्त होते. *खोटी* लिंक मात्र पटकन उघडते, आणि तोच तिचा धोका. दोन्ही ओळखायची रीत एकच, पत्ता वाचणे.

(या मेसेजमध्ये दाबता येईल अशी एकही लिंक मुद्दाम दिलेली नाही. पत्ते मराठीत लिहिले आहेत. टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा, डॉट म्हणजे टिंब, मध्ये कुठेही जागा सोडू नका.)

*१) पत्ता कसा वाचायचा?*

सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. तिथून पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग म्हणजे वेबसाइटचं नाव. हे नाव *उजवीकडून डावीकडे* वाचायचं. पोस्टाच्या पत्त्यात जिल्हा शेवटी असतो ना, तसंच. शेवटचा भाग जिल्हा, त्याच्या आधीचा तालुका, त्याआधीचा गाव. तिरक्या रेघेनंतर जे लांबलचक येतं तो गट नंबर समजा, म्हणजे वेबसाइटच्या आतलं एखादं पान.

शेवटी *डॉट जीओव्ही डॉट इन* किंवा *डॉट एनआयसी डॉट इन* हे फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं. नुसतं डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी कोणीही पैसे भरून घेऊ शकतं.

आता हा नमुना बघा: पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम. डावीकडून वाचलं तर सरकारी वाटतं. उजवीकडून वाचलं तर कळतं, मालक "अमुक डॉट कॉम" आहे. पुढचं सगळं नाव फक्त सजावट. तसंच टिंबाच्या जागी आडवी रेघ दिसली, म्हणजे "पीएमकिसान-जीओव्ही-इन डॉट कॉम" असं काही, तर तेही सरकारी नाही.

*२) तुटलेली लिंक कशी दुरुस्त करायची?*

🔹 *निळा रंग कुठे संपतो ते बघा.* व्हॉट्सअॅपवर लिंक निळी दिसते. अर्धी निळी आणि अर्धी साधी दिसली तर मध्ये जागा पडली आहे किंवा ओळ तुटली आहे. मेसेज कॉपी करा, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पेस्ट करा, जादा मजकूर आणि मधली जागा काढून टाका.

🔹 *शेवटचं चिन्ह बघा.* लिंकला चिकटून स्वल्पविराम, कंस किंवा पूर्णविराम आला असेल तर तोही पत्त्याचा भाग समजला जाऊ शकतो. तो खोडा.

🔹 *हाताने टाईप करताना* शून्य आणि ओ, एक आणि एल यांत गल्लत होते. वेबसाइटच्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षरांनी फरक पडत नाही, पण तिरक्या रेघेनंतर पडू शकतो. छोट्या केलेल्या लिंकमध्ये तर एक अक्षर बदललं तरी भलतंच पान उघडतं किंवा काहीच उघडत नाही.

🔹 *"४०४ नॉट फाउंड"* आलं तर वेबसाइट चालू आहे, फक्त ते पान तिथे नाही. गाव बरोबर, गट नंबर चुकला. पहिल्या तिरक्या रेघेनंतरचं सगळं खोडा, मुख्य पान उघडा आणि तिथून हवं ते शोधा.

🔹 *"धिस साइट कान्ट बी रीच्ड"* आलं तर आधी स्वतःचं नेट तपासा. दुसरी वेबसाइट उघडत असेल तर नाव चुकलं असेल किंवा पत्ता बदलला असेल. उदाहरणार्थ, सातबारा बघायचा जुना पत्ता महाभूलेख डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन होता. आताचा भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन आहे. जुने मेसेज सांभाळून ठेवणाऱ्यांची इथेच अडचण होते.

🔹 *"सेशन एक्सपायर्ड"* आलं तर कोणीतरी लॉगिन केल्यानंतरच्या पानाची लिंक पाठवली आहे. ती त्यांच्याच फोनपुरती असते. तुम्ही मुख्य पानावरून स्वतः लॉगिन करा.

🔹 *५०२ किंवा ५०३* असा आकडा आला तर लिंकमध्ये दोष नाही. सर्व्हरवर ताण आहे किंवा काम चालू आहे. पहाटे किंवा रात्री उशिरा पुन्हा प्रयत्न करा. दुसरी लिंक शोधू नका.

🔹 *"कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट"* आलं तर फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. ती बरोबर असूनही इशारा येत असेल तर तिथे आधार, बँक खातं काहीही भरू नका.

*३) खोटी लिंक कशी ओळखायची?*

⚠️ पत्त्यापुढे कुलूप दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. कुलूप म्हणजे मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही एवढंच. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही.

⚠️ गूगलवर शोधल्यावर सगळ्यात वर "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे. खालचे पत्ते वाचून मग दाबा.

⚠️ शेवटी *डॉट एपीके* असेल तर ते पान नसून थेट फोनमध्ये शिरणारं अॅप आहे. पीएम किसानच्या नावाने अशा फाईल व्हॉट्सअॅपवर फिरतात. असं अॅप तुमचे एसएमएस वाचू शकतं, म्हणजे ओटीपी न सांगताच चोराला मिळतो. सरकारी अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि तिथेही ते बनवणाऱ्याचं नाव वाचा.

⚠️ पाठवणारा ओळखीचा आहे हा पुरावा नव्हे. त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

*४) चुकून दाबली गेली तर?*

नुसतं पान उघडलं आणि काही भरलं नाही, तर पान बंद करा. अॅप इन्स्टॉल झालं असेल तर नेट आणि वायफाय लगेच बंद करून ते अॅप काढून टाका. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर तडक *१९३०* ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे पुढे वळते होण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. त्यात वेळ जातो आणि वेळ गेला की पैसे जातात.

*५) आजच करायचं काम*

खालचे पत्ते एकदा स्वतः टाईप करून उघडा. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबून "ॲड टू होम स्क्रीन" करा. मग ऐन तारखेला कोणाच्या लिंकची वाट बघावी लागणार नाही.

✅ पीएम किसान: पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन
✅ पीक विमा: पीएमएफबीवाय डॉट जीओव्ही डॉट इन
✅ महाडीबीटी: महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन
✅ सातबारा: भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन

लिंकबद्दल शंका आली तर ती दाबू नका, पुढेही पाठवू नका. तिचा स्क्रीनशॉट काढून कंपनीच्या नंबरवर पाठवा, आम्ही पत्ता बघून सांगतो. कंपनीचा कोणीही माणूस तुम्हाला ओटीपी किंवा एटीएमचा पिन विचारणार नाही. कोणी आमचं नाव सांगून विचारला तर फोन ठेवून द्या.

घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवरही हे पत्ते सेव्ह करून द्या. पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता बऱ्याचदा त्यांच्याच खात्यावर येतो.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी