पाटीवरचे नाव आणि कायदा

ज्या खुणेवरून एका व्यापाऱ्याचा माल किंवा सेवा दुसऱ्याच्या मालापासून ग्राहकाला वेगळी ओळखता येते, मग ती खूण नावाची असो, चित्राची असो वा वेष्टनाच्या मांडणीची, तिला कायद्यात व्यापारचिन्ह आणि रोजच्या व्यवहारात ट्रेडमार्क म्हटले जाते. भारतात या विषयाचे नियमन १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम करतो. १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आलेल्या या कायद्याने १९५८ च्या कायद्याची जागा घेतली आणि मालाबरोबरच हॉटेल, शिकवणी, वाहतूक यांसारख्या सेवांच्या नावांनाही नोंदणीचे दार उघडले. चिन्हाची व्याप्तीही पुढे इतकी रुंदावली, की २००८ मध्ये ‘याहू’ची सांगीतिक हाक आणि २०१७ मध्ये मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचे बाह्यरूप व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले.

छोट्या व्यावसायिकांमध्ये एक समज फार रुजलेला आहे: शॉप ॲक्टचा परवाना, ज्याला मुंबईत अजूनही गुमास्ता म्हणतात, जीएसटी क्रमांक किंवा उद्यम प्रमाणपत्र हाती आले, की दुकानाचे नाव आपोआप आपल्या मालकीचे झाले. प्रत्यक्षात यांतला प्रत्येक कागद व्यवसाय करण्यासंबंधी, करासंबंधी किंवा उद्योगाच्या वर्गवारीसंबंधी असतो आणि नावावरील हक्काशी त्याचा थेट संबंध नसतो. कंपनी म्हणून नाव नोंदले गेले, तरी त्याच नावाच्या जुन्या व्यापारचिन्हाचा मालक हरकत घेऊ शकतो. तरीही या कागदांचा एक आडमार्गी उपयोग आहे, तो म्हणजे नावाचा वापर कधी सुरू झाला याचा पुरावा म्हणून. आणि या कायद्यात तारखेइतके मोल क्वचितच दुसऱ्या कशाला असते.

नोंदणीची खरी परीक्षा अर्जाच्या आधी, नाव ठरवतानाच होते. मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा उगमस्थान नुसते वर्णन करणारे शब्द कोणा एकाच्या नावे करता येत नाहीत, कारण ते प्रत्येक व्यापाऱ्याला लागतात. त्यामुळे ‘घरगुती मसाला’ किंवा ‘खमंग भाजणी’ या नावांना नोंदणी कार्यालयाच्या परीक्षकाकडून आक्षेप येणे जवळपास अटळ असते. दीर्घ वापराने त्या नावाला स्वतंत्र ओळख मिळाली आहे असे सिद्ध झाले, तर अपवाद होतो. पण ते सिद्ध करण्यासाठी विक्रीचे आकडे, जाहिरातींचा खर्च आणि शपथपत्रे उभी करावी लागतात. मालाशी काहीही संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द म्हणूनच सर्वांत भक्कम ठरतो. विक्रेत्याला असा शब्द नको असतो, कारण तो ऐकून माल काय आहे हे कळत नाही; कायद्याला मात्र नेमका तोच हवा असतो. आडनावाला १९९९ च्या कायद्यात सरसकट मनाई नाही. परंतु प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाला सहसा रोखता येत नाही. मराठी मुलखात ‘बंधू’ आणि ‘आणि सन्स’ अशा पाट्यांची परंपरा मोठी आहे आणि अशा पेढ्यांची दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत वाटणी होते तेव्हा यंत्रे व जागा वाटल्या जातात, पण नाव कोणाकडे राहील हे भागीदारीपत्रात लिहिलेले नसते. तो एक परिच्छेद आधीच लिहून घेणे नंतरच्या दाव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

नोंदणीसाठी जगातील सर्व माल आणि सेवा ४५ वर्गांत विभागल्या आहेत, पहिले ३४ मालाचे व उरलेले सेवांचे. मसाले, चहा आणि मिठाई तिसाव्या वर्गात मोडतात, लोणची व दुग्धपदार्थ एकोणतिसाव्या आणि खानावळ त्रेचाळिसाव्या. म्हणून लोणची विकणाऱ्याने केवळ तिसाव्या वर्गात अर्ज केला, तर त्याचा मुख्य माल नोंदणीबाहेरच राहतो. २०१७ च्या नियमांनुसार ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांसाठी ९,००० रुपये ठरले. व्यापारचिन्ह निबंधकाचे मुख्य कार्यालय मुंबईत असून महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज तेथेच जातात. परीक्षकाने आक्षेपांचा अहवाल दिला, तर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज स्वीकारला गेला, की तो ‘ट्रेड मार्क्स जर्नल’मध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चार महिन्यांपर्यंत कोणालाही विरोध नोंदवता येतो. विरोधाची प्रत मिळाल्यावर अर्जदाराने दोन महिन्यांत उत्तर दिले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. कित्येक चांगली नावे गुणावगुणांवर न हरता केवळ या मुदतीत गळतात. विरोध आला नाही किंवा टिकला नाही, तर प्रमाणपत्र मिळते आणि हक्क अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांसाठी लागू होतो. वर्तुळातील ‘आर’ हे इंग्रजी अक्षर तोपर्यंत वापरता येत नाही. अर्ज प्रलंबित असताना फक्त ‘टीएम’ लिहिता येते.

दोन चिन्हे एकमेकांसारखी आहेत की नाहीत, हा या क्षेत्रातला सर्वांत रंजक प्रश्न होय. विलेपार्ल्याचे नाव धारण करणाऱ्या पार्ले कंपनीने म्हैसूरकडील एका उत्पादकाविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निर्णय दिला. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर गोठ्याच्या अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या होत्या. प्रतिवादीच्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी होती आणि तिच्याही आसपास गाई-कोंबड्या होत्या. खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला होता. परंतु ग्राहक दोन्ही वेष्टने शेजारी ठेवून पाहत नाही, मनात उरलेल्या ठशावरून माल उचलतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने पार्लेच्या बाजूने कौल दिला. त्याआधी ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या खटल्यात, जो १९६२ मध्ये निकाली निघाला, सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या ग्राहकाची कसोटी लावून दोन्ही नावे फसवे साम्य असलेली ठरली होती. मात्र दुसऱ्या नावाचा वापर १९२३ पासून उघडपणे चालू असताना पहिल्याने दीर्घकाळ मौन पाळले होते, म्हणून ‘लक्ष्मणधारा’ला फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. झोपून राहिलेल्या मालकाला कायदा पूर्ण संरक्षण देत नाही, हे त्यातून दिसते.

नोंदणी नसलेल्या नावालाही संरक्षण आहे. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याच्या कृत्याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात आणि त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी नावलौकिक, ग्राहकाची दिशाभूल आणि त्यामुळे होणारे नुकसान दाखवावे लागते. तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध ‘इरुट्टुकडै हलवा’ या मिठाईच्या नावावरील वादात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रतिवादीकडे नोंदणी असली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क तिच्यापेक्षा वरचढ ठरतो. म्हणजे प्रमाणपत्र हक्क निर्माण करते, यापेक्षा ते हक्क सिद्ध करणे सोपे करते असे म्हणणे अधिक बरोबर आहे. आणि पहिल्या विक्रीची बिले, छापखान्याच्या पावत्या व जुन्या जाहिराती जपून ठेवणे अर्जाइतकेच महत्त्वाचे आहे.

नोंदणीनंतर उल्लंघनाविरुद्ध मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते, शिवाय मालकाला आपले निवासस्थान किंवा व्यवसाय जिथे असेल तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची मुभा आहे. बनावट चिन्ह वापरणे हा गुन्हाही असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. पाच वर्षांहून अधिक काळ चिन्ह वापरलेच नाही, तर त्यामुळे बाधित झालेली व्यक्ती ते रजिस्टरमधून काढण्याची मागणी करू शकते. नूतनीकरण मात्र दर दहा वर्षांनी कितीही वेळा होते.

नोंदणीचा हक्क देशाच्या सीमेपाशी थांबतो, ही गोष्ट निर्यात करणाऱ्यांना बहुधा उशिरा कळते. भारतात मसाल्याचे नाव नोंदलेल्या व्यापाऱ्याचा दुबई किंवा लंडनमधला वितरकच तिथे ते नाव स्वतःच्या नावे करून बसला, तर केवळ भारतीय प्रमाणपत्राने काही साधत नाही. भारतातील पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांत बाहेर अर्ज केल्यास पॅरिस करारातील देशांत मूळ तारखेचा लाभ मिळतो, तर ८ जुलै २०१३ पासून भारत ज्यात सामील आहे त्या माद्रिद व्यवस्थेत मुंबईतून एकाच अर्जाने अनेक सदस्य देश निवडता येतात. ही सोय पहिली पाच वर्षे भारतीय अर्जाच्या आधारावर उभी असते. त्या काळात तो फेटाळला गेला, तर परदेशातील नोंदणीही त्याबरोबर कोसळते आणि त्या त्या देशात नवा अर्ज करण्यासाठी अवघे तीन महिने मिळतात.