सोयाबीन सरतं, धाप सरत नाही

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या शिवारात दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनच्या बनिमी मोडतात. मळणीयंत्राच्या तोंडाशी काड सारणारा गडी नाकातोंडाला रुमाल गुंडाळतो, तरी तासाभरात त्याच्या भुवया भुसकटानं पिवळ्या पडतात. दमा असणाऱ्याची छाती त्याच रात्री घरघरू लागते. मला जास्त छळते ती दमेकऱ्यांची पुढची तक्रार. मळणी उरकून महिना होतो, तरी फोडणीचा ठसका, पहाटेचा गारठा किंवा चुलीचा धूर एवढ्यानंही धाप लागते. धूळ गेली, मग छाती कशावर चिडते?

सोयाबीनच्या धुळीचा दमा जगाला ठळकपणे दिसला तो बार्सिलोनात. १९८१ ते १९८७ या काळात तिथे मधूनच एखाद्या दिवशी दवाखान्यांत दमेकऱ्यांची रीघ लागे. संशोधकांनी तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा त्या बंदरात सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी जुळल्या. दाण्याच्या टरफलातली प्रथिनं हवेत पसरत होती आणि तिथल्या एका धान्यकोठाराला गाळणीच नव्हती. १९८९ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. गाळण्या बसल्यावर ती साथ ओसरली. आपल्या खळ्यावर टरफलाबरोबर शेंगांचा भुगा, माती आणि बुरशीही उडते. तिथे गाळणी बसवता येत नाही, म्हणून चांगला मास्क मजुराला मजुरीइतकाच हक्कानं मिळाला पाहिजे.

ॲलर्जीचा नेहमीचा खुलासा रक्तापाशी थांबतो. आयजीई प्रतिपिंडं, मास्ट पेशी, त्यांतून सुटणारं हिस्टामिन, मग सूज आणि कफ. तो खरा आहे, पण अपुरा आहे. श्वासनळीत मज्जातंतूंचं दाट जाळं असतं, आणि त्यांचीही या दुखण्यात मोठी भूमिका असते.

त्यांना वाढवणाऱ्या प्रथिनाचा शोध रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांचा. मुसोलिनीच्या राजवटीत ज्यू म्हणून विद्यापीठाचं दार बंद झालं, तेव्हा त्यांनी तुरीनमध्ये आपल्या खोलीतच कोंबडीच्या भ्रूणांवर प्रयोग मांडले. पुढे अमेरिकेत, १९५०च्या दशकात, 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' म्हणजेच एनजीएफ हे प्रथिन हाती लागलं. १९८६ चं नोबेल त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना मिळालं. हे प्रथिन मज्जातंतूंपुरतंच काम करत नाही, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आलं. १९७७ मध्ये लुईजी अलोए आणि त्यांनी दाखवलं की नवजात उंदरांना एनजीएफ टोचलं की मास्ट पेशी वाढतात. ॲलर्जीतली मुख्य पेशी आणि मज्जातंतू यांच्यातला दुवा असा सापडला.

१९९६ मध्ये सेर्जिओ बोनिनी आणि सहकाऱ्यांना दमा व ॲलर्जीच्या रुग्णांच्या रक्तात एनजीएफ वाढलेलं आढळलं. दोन वर्षांनी जर्मन संशोधकांनी ॲलर्जी घडवलेल्या उंदरांना एनजीएफ रोखणारं प्रतिपिंड दिलं, तेव्हा श्वासनळीची अतिसंवेदनशीलता कमी झाली. घडतं ते असं. ॲलर्जीनं सुजलेल्या श्वासनळीच्या पेशी एनजीएफ सोडतात. ते संवेदी मज्जातंतूंना अधिक हळवं करतं आणि त्यांच्यात 'सबस्टन्स पी' हे रसायन वाढवतं. त्यानं नळी आवळते, रक्तवाहिन्या पाझरतात, कफ सुटतो. दुसरीकडे मास्ट पेशी स्वतःही एनजीएफ बनवतात, म्हणजे आग आगीला वाढवते. असं हळवं झालेलं जाळं मग थंड हवेलाही तितक्याच जोरानं उत्तर देतं, आणि तिथे ॲलर्जीचा संबंधच उरत नाही. खळ्यानंतर महिनाभर रेंगाळणाऱ्या खोकल्याचा हा मोठा धागा आहे, असं मला वाटतं.

मग एनजीएफलाच अडवणारं औषध का देत नाहीत? तसं टॅनेझुमॅब हे औषध सांधेदुखीसाठी तपासलं गेलं. वेदना कमी झाली, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं झिजले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध सल्लागार समितीनं त्याविरुद्ध कौल दिला. एनजीएफ शरीराला हवंही असतं.

आज हाताशी आहे तो स्टिरॉइडचा पंप. तो सूज उतरवतो, आणि प्रयोगशाळेत श्वासनळीच्या पेशींवर स्टिरॉइड घातलं तर त्या एनजीएफही कमी बनवतात. पण पंपाची सवय लागते, या भीतीनं गावात गोळीवर भागवतात आणि मळणी संपली की तीही सोडतात. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. केज, धारूरच्या दमेकऱ्यांनी दिवाळीनंतर धाप थांबली तरी तिथे छाती तपासून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तोवर पंप चालू ठेवावा.