रानातला चकवा

नाशिकच्या रानाला भुताखेतांचं वावडं कधीच नव्हतं. रामायणातलं दंडकारण्य ते हेच, असं इथली परंपरा मानते. शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं गेलं आणि खर-दूषण राक्षससेना घेऊन रामावर चालून आले, तेही इथेच. आता पंचवटीत रान उरलेलं नाही. भुतांच्या गोष्टी ऐकायच्या तर पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे जावं. झाडी अजून तिकडे आहे.

मराठी भुतांच्या जागा ठरलेल्या. मुंजा पिंपळावर, आसरा डोहात, वेताळ गावाच्या वेशीबाहेर. चकव्याला मात्र ना रूप, ना ठिकाण. पायाखालच्या वाटेनं निघालेला माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडाशी येतो. पुन्हा निघतो, पुन्हा तेच झाड. अशा वेळी जागीच बसावं, उजाडेपर्यंत हलू नये, असं जुनी माणसं सांगतात.

हा सल्ला अगदी शास्त्रशुद्ध निघाला! जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान साउमन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना जीपीएस देऊन घनदाट जंगलात सरळ चालायला सांगितलं. ऊन होतं तेव्हा ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलं तेव्हा गोल फिरून आपलीच वाट ओलांडत राहिली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. दिशा दाखवणारी बाहेरची खूण नसली की दिशेच्या अंदाजातल्या बारीक चुका साचत जातात. काळोख्या रानात तर सूर्यही नाही आणि डोंगराची कडही नाही.

बाकीची भुतंही अशीच उजेडात येतात. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या झाडांवर काजव्यांचे थवे एका लयीत लुकलुकतात, पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट चमकते. गव्हाणी घुबडाचं पांढरं तोंड आणि कर्कश किंचाळी अंधारात अवचित समोर आली, तर धीट माणसाचीही बोबडी वळेल.

अशा भीतीनं रानाचं भलंही केलं. शास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाचा कोप होईल या धाकानं तिथे कुऱ्हाड चालत नव्हती, म्हणून जुनी झाडं टिकली होती. वनखात्याच्या पाटीला एवढा मान क्वचितच मिळतो.

पण हीच भीती रानातून घरात शिरते तेव्हा तिला बळी लागतो. गावात कुणी आजारी पडलं, गुरं मेली की एखाद्या एकट्या बाईला भुताळी किंवा डाकीण ठरवून मारहाण होते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणं हा त्याखाली गुन्हा असून, त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. चकव्याच्या गोष्टी खुशाल सांगाव्यात. कुणी कुणाला भुताळी म्हणून छळताना दिसलं, तर मात्र थेट पोलिसांत जावं.