इंजिन ऑइलची पातळी : मोजण्याची वेळ आणि रीत

व्यापारी घराला मालाची मोजदाद नवी नाही. गोदामातील पोती मोजताना वाटेवरच्या ट्रकमधील माल हिशेबात धरला नाही, तर शिल्लक कमी दिसते. आणि त्या आकड्यावर विसंबून नवी मागणी नोंदवली, तर ट्रक पोहोचल्यावर गोदामात पाय ठेवायला जागा उरत नाही. स्पोर्ट्‌स कारमधील इंजिन ऑइल मोजताना नेमकी हीच गफलत होते. मोजणारा प्रामाणिक असतो, डिपस्टिकही खरी असते. चुकलेली असते ती मोजण्याची वेळ.

पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि टेकडी यांच्यामध्ये वसलेल्या दिंडोशीत आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या पार्किंगमध्ये घरच्या नेहमीच्या गाडीशेजारी एखादी पोर्शेसारखी वेगवान गाडीही दिसू लागली आहे. तिची देखभाल बहुधा त्याच विश्वासू चालकाकडे असते. सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून पाहायची, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. साध्या गाडीसाठी ती रीत योग्यच आहे. या गाडीसाठी मात्र तीच घातक ठरू शकते.

ऑइल राहते कोठे?

साध्या गाडीत ऑइल इंजिनाच्या तळाशी असलेल्या पात्रात साठते. गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. इंजिन बंद केले की वर गेलेले ऑइल हळूहळू तेथे उतरते. म्हणून गाडी उभी राहिल्यावर केलेले मोजमाप बरोबर येते. छोट्या गाडीत हे ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास असते.

वेगवान गाडी वळणावर जोरात वळते, तेव्हा तळातील ऑइल एका बाजूला फेकले जाते. क्षणभर जरी पंपाच्या तोंडाशी हवा आली, तरी बेअरिंग कोरडी पडतात. हे टाळण्यासाठी कित्येक स्पोर्ट्‌स कारमध्ये ‘ड्राय संप’ रचना असते. तीत तळाशी उतरलेले ऑइल वेगळा पंप सतत खेचून एका स्वतंत्र टाकीत नेतो आणि तेथून ते पुन्हा इंजिनाला पुरवले जाते. तळाशी खोल पात्र नसल्याने इंजिन खाली बसवता येते आणि गाडीचा तोलही सुधारतो.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेली पोर्शे ९११ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १९९८ पर्यंतच्या तिच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत टाकी वेगळी होती आणि डिपस्टिक त्या टाकीत होती. इंजिन बंद करून गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतील बरेचसे ऑइल इंजिनात झिरपते. सकाळी डिपस्टिक जवळजवळ कोरडी दिसते. ते पाहून कोणी लिटरभर ऑइल ओतले, तर इंजिन चालू होताच झिरपलेला साठा टाकीत परततो. जास्तीचे ऑइल मग श्वासनळीवाटे हवेच्या मार्गात शिरते, निळसर धूर निघतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही इजा पोहोचते.

या टाकीची आणखी एक आठवण सांगितली जाते. १९७२ च्या मॉडेलमध्ये ऑइल भरण्याचे झाकण गाडीच्या बाहेरच्या अंगाला, उजव्या मागच्या चाकापुढे होते. पंपावरचे कर्मचारी त्यातच पेट्रोल भरू लागले, म्हणून ते पुढच्याच वर्षी काढून टाकले गेले असे म्हणतात.

मोजण्याची रीत

प्रथम गाडीची पुस्तिका पाहावी, कारण प्रत्येक गाडीची रीत निराळी आहे. त्या जुन्या ९११ चे ऑइल इंजिन पूर्ण तापल्यावर आणि संथ चालू असतानाच मोजायचे असते. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्येही ड्राय संप आहे; पण तिथे इंजिन तापवून, बंद करून, काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहायची असते. अलीकडच्या अनेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. पातळी पडद्यावर दिसते, आणि तीही ठरावीक अटी पूर्ण झाल्यावरच.

जागा सपाट हवी. दिंडोशीत टेकडीच्या बाजूचे अनेक रस्ते चढउताराचे आहेत आणि पार्किंगच्या रॅम्पवर तर मोजूच नये. शंका आली तर पाणसळ लावून पाहावी. इंजिन चालू ठेवावे लागत असेल, तर तळघरात हे काम कधीही करू नये. तेथे साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नाही आणि तो जीव घेतो. मोकळ्या जागेत उभे राहावे. ओढणी, पदर, सैल बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावी.

‘तापलेले इंजिन’ म्हणजे पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर येणे नव्हे. ऑइल पाण्यापेक्षा उशिरा तापते. घरापासून दुकानापर्यंतची चार किलोमीटरची फेरी त्याला पुरत नाही. गाडीत ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा असेल, तर तो ८० अंशांच्या पुढे जाऊन स्थिरावू द्यावा.

भर घालायची असेल तर एका वेळी पाव लिटरच घालावी, पुन्हा त्याच रीतीने मोजावे आणि वरच्या खुणेच्या थोडे खालीच थांबावे. ऑइल निवडताना ५डब्ल्यू-४० यासारखा आकडा पुरेसा नाही. पोर्शेच्या ए४० सारखी निर्मात्याची मान्यता डब्यावर छापलेली हवी.

वही आणि लाल दिवा

अशी इंजिने थोडे ऑइल खातातच. काही निर्मात्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरमागे अर्ध्या लिटरहून अधिक खपही सामान्य मानला आहे. म्हणून एका छोट्या वहीत तारीख, किलोमीटर, पातळी आणि घातलेली भर नोंदवत जावे. नेहमीचा खप एकाएकी वाढला, तर मोठा खर्च उद्भवण्याआधी ती वहीच सांगेल. चालकालाही ती भरायला शिकवावी. काम त्याच्याकडे सोपवताना या गाडीची रीतही त्याला समजावून द्यायला हवी.

ऑइलची पातळी कमी असल्याची सूचना आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा यांतील फरकही त्याला सांगावा. पहिली आली तर सवडीने मोजता येते. दुसरा लागला तर महामार्गावरही सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. घर दोन मिनिटांवर असले तरी पुढे जाऊ नये.

बदललेले जुने ऑइल गटारात ओतू नये. आरेच्या टेकड्यांतून निघालेली ओशिवरा नदी गोरेगावातून मालाडच्या खाडीला मिळते. गटारातले तेल अखेर अशाच पाण्यात उतरते आणि त्यातील जीवांवर तवंग बनून पसरते. ते बंद डब्यात भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे पाठवणाऱ्या गॅरेजकडेच सोपवावे.