कपभर भोकं

कढईत भजं सोडलं की चर्रर्र आवाज होतो आणि त्याच्याभोवती बुडबुड्यांची झुंबड उडते. हे बुडबुडे कसले? तेल उकळतंय, असं आपण बिनदिक्कत म्हणून टाकतो. पण तेल बिचारं शांत असतं. उकळतं ते पिठातलं पाणी! चटका बसला की त्याची वाफ होते, वाट फुटेल तिकडे ती पळत सुटते, आणि जाताना पिठात आपल्या मापाचं भोक ठेवून जाते.

या भोकांचं एक अख्खं म्युझियम जपानात, योकोहामाला आहे. पाटीवर अर्थात तसं लिहिलेलं नाही. पाटीवर आहे ‘कप नूडल्स म्युझियम’. २०११ साली ते उघडलं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेली माझी आई असे पाच जण सकाळीच तिथे धडकलो. आई वाटेत म्हणत होती, “नूडल्सचं कसलं आलंय म्युझियम? उद्या उपम्याचं काढतील!”

आत गेल्यावर एका लाकडी खोपटापाशी पाय थबकतात. ओसाकाजवळच्या इकेदा गावी घरामागच्या अंगणात होतं, त्याची ही हुबेहूब प्रतिकृती. आतली भांडीकुंडी कुठल्याही स्वयंपाकघरात सापडतील अशीच. आणि याच साधनांवर मोमोफुकू आंदो नावाच्या माणसानं झटपट शिजणारे नूडल्स शोधून काढले! १९५७ साली ते प्रमुख असलेली पतसंस्था बुडाली आणि राहतं घर सोडलं तर जवळजवळ सगळं गेलं. वय सत्तेचाळीस. पुढचं वर्षभर हा गृहस्थ रोज जेमतेम चार तास झोपून या खोपटात पीठ मळत राहिला.

त्यांना हवं होतं काय? महिनोन्‌महिने टिकणारे आणि नुसतं गरम पाणी ओतलं की तयार होणारे नूडल्स. आता यातली गंमत बघा. टिकवायचं तर पाणी पार काढून टाकायला हवं, कारण पाण्याशिवाय जिवाणू-बुरशीचं काही चालत नाही. पण उन्हात वाळवलेली शेवई दगडासारखी घट्ट होते. मग तिच्यात पाणी पुन्हा शिरणार कुठून? दार लावून कुलूप घालायचं, आणि पाहुणा मात्र क्षणात घरात आला पाहिजे!

असं सांगतात, की एके दिवशी बायको तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, तळत असताना आंदोंचं लक्ष त्या बुडबुड्यांकडे गेलं. पाणी बाहेर पडताना स्वतःच दारं खणून ठेवतंय की! वाळवणही झालं आणि परत यायची वाटही तयार. २५ ऑगस्ट १९५८ ला ‘चिकन रामेन’ बाजारात आलं. किंमत ३५ येन, तेव्हा ताजे उदोन नूडल्स ६ येनला मिळत असताना! तरी लोकांच्या उड्या पडल्या.

म्युझियममध्ये हे सगळं आपल्या हातानं करता येतं, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. डोक्याला रुमाल बांधून आम्ही पीठ मळलं, यंत्रातून पुन्हापुन्हा लाटलं, बारीक कापलं. मग नूडल्स वाफवायचे. ही पायरी दिसायला साधी, पण शिजवण्याचं खरं काम इथेच उरकतं. कच्च्या पिठातला स्टार्चचा प्रत्येक कण म्हणजे आवळलेली मूठ. ओलावा आणि उष्णता एकदम मिळाली की ती मूठ उघडते, कण फुगतो, पीठ पचण्याजोगं होतं. अशा उघडलेल्या अवस्थेत ते चटकन वाळवलं तर मुठी पुन्हा पूर्ण मिटत नाहीत. म्हणजे घरी आपण जे तीन मिनिटं ‘शिजवतो’, ते खरं तर नुसतं भिजवणं असतं!

मसाल्याच्या पाण्यात घोळवलेले नूडल्स मग जाळीच्या साच्यात बसून तेलात उतरले. सुमारे १५० ते १६० अंशांचं तेल. बुडबुड्यांचा असा काही गदारोळ, की नूडल्स दिसेनात. हळूहळू तो ओसरला, म्हणजे पाणी संपलं. काचेपलीकडे बघत आई पुटपुटली, “अगं, ही तर कुरडई!”

मी हसले, पण रात्री विचार करताना लक्षात आलं, की आईचं नव्वद टक्के बरोबर होतं. गहू भिजवून काढलेला चीक आपण आधी शिजवतो, मग सोऱ्यातून पाडून उन्हात वाळवतो. मुठी उघडायच्या आणि पाणी घालवायचं, क्रम अगदी तोच. फरक एवढाच, की उन्हातून पाणी चोरपावलांनी जातं, दारं खणत नाही. म्हणून कुरडईची भोकं आयत्या वेळी आपल्या कढईत पडतात. आंदोंनी ती कारखान्यातच पाडून ठेवली. (आईनं मळलं, लाटलं, पण चाखलं नाही. चिकन रामेन ते चिकनच!)

मुलांना ओढ होती कपाची. तिथे कोरा कप घेऊन त्यावर आपल्याला हवी ती चित्रं काढायची, चार रश्श्यांपैकी एक निवडायचा आणि बारा जिनसांतून चार. पाटीवर लिहिलंय, ५,४६० प्रकार! थोरल्यानं गणित मांडलं, पण उत्तर आलं १,९८०. कुठे चुकलं? धाकटीच्या कपात डोकावल्यावर उलगडा झाला. तिनं चारही वेळा कोळंबीच घेतली होती! तोच जिन्नस पुन्हा घेता येतो, म्हणून बारातून चार निवडायच्या तऱ्हा ४९५ वरून थेट १,३६५ वर जातात. गुणिले चार.

पण खरं नवल कपाच्या पोटात आहे. नूडल्सची वडी तळाला टेकलेलीच नसते! कप खाली निमुळता, वडी तळापेक्षा रुंद, म्हणून ती मधेच अडकून तरंगत राहते. खाली नुसती पोकळी. प्रवासात धक्के बसले तरी वडीचा चुरा होत नाही, आणि गरम पाणी पोकळीत साचून खालूनही नूडल्स भिजवतं. शिवाय वडी वर दाट, खाली विरळ. तळताना नूडल्स तरंगून साच्याच्या झाकणाला जाऊन दाटीवाटीनं चिकटतात, त्यामुळे हे आपोआपच होतं. वरचा सपाट दाट थर म्हणजे कोळंबीला बसायला आयता पाट.

आता ही वडी कपात सरळ बसवायची कशी? वरून टाकली तर कलंडते. १९७१ साली कप नूडल्स बाजारात आले, त्याआधी या एका प्रश्नानं आंदोंना भंडावून सोडलं होतं. एका रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांना छत गरगर फिरल्यासारखं वाटलं आणि उत्तर सुचलं. वडी कपात घालूच नका, कप वडीवर घाला! म्युझियममध्ये मुलं एक मूठ गरागरा फिरवतात, उपडा कप अलगद वडीवर उतरतो आणि दोन्ही मिळून सुलटे होतात. धाकटीला ते तीनदा करायचं होतं. एकदाच मिळालं, त्यावरून थोडं रडणं झालं.

झाकण बसलेला कप शेवटी पारदर्शक पिशवीत घालून देतात. पिशवीला दुहेरी भिंत, आणि तिच्यात मुलांनी पंपानं हवा भरायची. दोरी ओवून ती गळ्यात अडकवायची. परतीच्या गाडीत दोघं हवेचे फुगीर डबे गळ्यात मिरवत बसली होती. आईनं धाकटीची पिशवी बोटानं दाबून पाहिली आणि विचारलं, “एवढ्या मोठ्या पिशवीत खायचं किती गं?”

“आजी, हलवू नकोस,” ती म्हणाली, “आतली जागा मोडेल.”