चित्ररचनेचे मूलघटक आणि तत्त्वे : वारली चौकाच्या आधारे

प्रास्ताविक

शब्दकोशात भाषेतील बहुतेक शब्द सापडतात. तरीही शब्दकोश म्हणजे कविता नव्हे. शब्दाशब्दांत विशिष्ट नाते निर्माण झाले म्हणजे कविता आकार घेते. दृश्यकलेतही असेच दोन स्तर असतात. ज्या साधनांनी चित्र घडते, त्यांना ‘मूलघटक’ म्हणतात. ती साधने परस्परांशी ज्या नात्यांनी बांधली जातात, त्यांना ‘रचनेची तत्त्वे’ म्हणतात. हा भेद आपण पालघर परिसरातील वारली समाजाच्या लग्नचौकाच्या आधारे समजून घेऊ.

मूलघटक

रेषा, आकार, रंग, पोत आणि अवकाश हे प्रमुख मूलघटक होत. विवाहप्रसंगी सुवासिनी स्त्रिया घराच्या भिंतीवर चौक काढतात. भिंत कुडाची, शेणमातीने सारवलेली व गेरूने रंगविलेली असते. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग तयार करतात आणि टोक चघळून मऊ केलेली बांबूची काडी कुंचल्यासारखी वापरतात.

येथील साधनसामग्री किती थोडी आहे, हे लक्षात घ्या. काढण्याचा रंग एकच, पांढरा. भिंतीचा तांबूसपणा आपोआप दुसऱ्या रंगाचे काम करतो. पोतही भिंतीचाच. आकार मुख्यत्वे तीन : वर्तुळ, त्रिकोण व चौकोन. टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर छोटे वर्तुळ म्हणजे डोके आणि चार रेषा म्हणजे हातपाय. एवढ्यात माणूस उभा राहतो. मोकळी सोडलेली भिंत म्हणजे अवकाश.

तत्त्वे

आता या घटकांची जुळणी पाहू.

प्राधान्य : चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. तिच्याभोवती दाट नक्षीच्या पट्ट्यांची चौकट असल्यामुळे दृष्टी आपोआप तिच्याकडे वळते.

संतुलन : चौकटीच्या चारही बाजू एकमेकींना तोलून धरतात. हे सममित संतुलन होय. बाहेर झाडे, प्राणी व माणसे मोकळेपणाने पसरलेली असतात. तेथे दोन बाजू सारख्या नसूनही तोल राखला जातो. हे असममित संतुलन होय.

लय : वारली चित्रांत वारंवार येणारे तारपा नृत्य आठवा. एकच मानवाकृती पुनःपुन्हा येते; पण हातात हात गुंफलेली ही रांग वळत वळत जाते. पुनरावृत्तीला दिशा मिळाली की लय जन्मते.

एकात्मता : एकच रंग आणि तेच मोजके आकार यांमुळे देवी, माणूस व झाड एकाच जगातील वाटतात.

तत्त्वे आणि प्रयोजन

देवी मध्यभागी का, या प्रश्नाचे उत्तर केवळ सौंदर्यदृष्टीने देता येणार नाही. चौकाशिवाय विवाहविधी पूर्ण मानला जात नाही. म्हणून मध्यस्थान देवीचे. रचनेचे तत्त्व येथे प्रयोजनातून आलेले आहे.

१९७०च्या दशकात ही कला कागदावर आली. तेव्हा विधीने दिलेले केंद्र उरले नाही. जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी कागदासाठी नवी रचना शोधली. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत बारीक जाळीच मोठा अवकाश व्यापते आणि तीच सर्व चित्र एकत्र बांधते. मूलघटक जुने, नाती मात्र नवी.

याउलट, एखाद्या कपावर किंवा कुर्त्यावर हीच त्रिकोणी माणसे कशीही विखुरलेली आपण पाहतो. तेथे घटक उचललेले असतात. तत्त्वे मागेच राहिलेली असतात. घटकांची नक्कल करता येते, तत्त्वे मात्र प्रत्येक पृष्ठभागासाठी व प्रयोजनासाठी नव्याने शोधावी लागतात.

सारांश

मूलघटक म्हणजे ‘कशाने’, तत्त्वे म्हणजे ‘कसे’. ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘कसे’चे उत्तर पूर्ण होत नाही.

स्वयं-अध्ययन

१. एकाच मापाच्या दहा मानवाकृती कागदातून कापून घ्या. त्या प्रथम सरळ रांगेत, मग वर्तुळात आणि शेवटी विस्कळीत मांडा. आकृती त्याच असताना प्रत्येक मांडणीत कोणते तत्त्व प्रकट झाले वा हरवले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. आपल्या घरातील रांगोळी, गोधडी किंवा साडीचा काठ निवडून त्यातील लय व संतुलन स्पष्ट करा.