परक्या देवांचे मानपान
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात आपण ईश्वरविषयक दार्शनिक मतभेदांचा परामर्श घेतला. त्यावरून साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो की, ज्या दर्शनांना जगाचा कर्ता म्हणून कोणी ईश्वर मुळी मान्यच नाही, त्यांनी शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातील देवांचे करावे तरी काय? देव नाहीतच, असे म्हणून मोकळे होण्याचा मार्ग चार्वाकांनी पत्करला. जैन व बौद्ध यांनी तो पत्करला नाही. त्यांनी त्या देवांचे अस्तित्व बिनतक्रार मान्य केले, आणि नव्या राजवटीने जुन्या सरदारांची वतने बहाल ठेवून सनदांवर शिक्का मात्र आपला उठवावा, तद्वत प्रत्येक देवाला आपल्या विश्वरचनेत एकेक हुद्दा नेमून दिला.

बौद्धांनी ही नेमणूक किती खेळकरपणे केली, हे पाहावयाचे असल्यास दीघनिकायातील केवट्टसुत्त वाचावे. पृथ्वी, आप, तेज व वायू या चार महाभूतांचा निःशेष निरोध कोठे होतो, या शंकेने व्याकुळ झालेला एक भिक्षू ध्यानबलाने देवलोकी जातो. तेथील प्रत्येक पायरीवरचे देव आपले अज्ञान कबूल करून त्याला वरच्या पायरीकडे पाठवितात, आणि असा तो अखेर साक्षात महाब्रह्मदेवापुढे येऊन ठेपतो. ब्रह्मदेव आपण सर्वज्ञ, सर्वसत्ताधीश व जगत्कर्ते असल्याची बिरुदावली ऐकवितो. भिक्षू नम्रपणे म्हणतो की, आपण कोण हे मी विचारलेच नव्हते. दोनदा-तीनदा असे झाल्यावर ब्रह्मदेव त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि हळूच सांगतो की, बाबा रे, मलाही ते ठाऊक नाही. पण या मंडळींची समजूत अशी आहे की मला अज्ञात असे काहीच नाही, म्हणून त्यांच्यादेखत बोलता आले नाही. तू बुद्धाला सोडून इकडे आलास हेच चुकले! या कथेत ब्रह्मदेवाचा अपमान आहे असे मला वाटत नाही. हुद्द्याला जपणाऱ्या वृद्ध कारभाऱ्याविषयी वाटावी तशी किंचित माया तीत आहे. आजही कँडी येथील दंतधातूच्या वार्षिक मिरवणुकीत विष्णू आणि कतरगामचा कार्तिकेय यांच्या देवळांच्या मिरवणुका सामील होतात, आणि सिंहली बौद्ध निर्वाणाची वाट बुद्धाकडून घेतो, तर आजारपण, नोकरी व कोर्टकज्जे यांची गाऱ्हाणी मात्र या देवांच्या कानी घालतो.

जैनांची व्यवस्था याहून काटेकोर आहे. त्यांच्या त्रेसष्ट शलाकापुरुषांत 24 तीर्थंकर, 12 चक्रवर्ती, आणि 9 बलदेव, 9 वासुदेव व 9 प्रतिवासुदेव अशी मोजदाद असून राम हा आठवा बलदेव, लक्ष्मण आठवा वासुदेव आणि रावण त्यांचा प्रतिवासुदेव होय. विमलसूरीचे ‘पउमचरिय’ हे महाराष्ट्री प्राकृतात रचलेले असल्यामुळे मराठी वाचकाला त्याविषयी थोडी आपुलकी वाटावयास हरकत नाही. या काव्यातील रावण राक्षस नव्हे. तो विद्याधरवंशातील विद्वान राजा आहे, आणि त्याची दहा तोंडे म्हणजे गळ्यातील रत्नहारात पडलेली मुखाची नऊ प्रतिबिंबे व एक खरे मुख. वानर हेही विद्याधरच; त्यांच्या ध्वजावर वानराचे चिन्ह असे, इतकेच. सर्वांत महत्त्वाचा फेरफार असा की, रावणाचा वध राम करीत नाही, लक्ष्मण करतो. कारण मोक्षाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जीवाने हिंसा करणे जैन तत्त्वात बसत नाही. त्या वधाचे फळ म्हणून लक्ष्मण नरकात जातो आणि राम दीक्षा घेऊन सिद्धपदाला पोहोचतो. हे निर्वाण नाशिक जिल्ह्यातील बागलाणात मांगी-तुंगीच्या डोंगरावर झाले, अशी जैनांची श्रद्धा आहे, आणि यात्रेकरू त्याच श्रद्धेने त्या पायऱ्या चढतात. कृष्णाची वाट त्याहून लांबची: तो सध्या नरकात आहे, परंतु येत्या चोवीशीत तीर्थंकर होणार आहे. इतक्या गंभीरपणे परक्याच्या देवाचा हिशेब ठेवणारी दुसरी परंपरा माझ्या पाहण्यात नाही.

वैष्णवांनीही हेच केले. अन्य देवतांचे भक्त नकळत, विधी सोडून का होईना, माझेच यजन करतात, असे भगवंतांच्या मुखी घालून गीतेच्या नवव्या अध्यायाने साऱ्या देवांचा वसूल एकाच खजिन्यात वळविला. भागवताने जैनांचा ऋषभ आणि बुद्ध या दोघांनाही अवतारांत स्थान दिले. मात्र बुद्धाचे अवतारकार्य देवशत्रूंना मोह पाडणे हे ठरविले. मानाचे पान वाढले खरे, पण ते पंक्तीच्या कडेला!

सामान्य जनांनी या मामल्यात शास्त्र्यांचे दप्तर उघडलेच नाही. त्यांनी सरळ नाते जोडले. गोव्यात शिरगावची लईराई आणि तिच्या बहिणी यांची कथा घरोघरी सांगतात, व म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण ही त्यांपैकीच एक मानली जाते. तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. येथे कोणी वरिष्ठ नाही, कोणी ताबेदार नाही, फक्त बहिणी. पंडितांच्या सर्व वर्गवारीपेक्षा मला ही व्यवस्था अधिक सभ्य वाटते.

कारण हुद्दा देणाऱ्याच्या मनात औदार्य कितीही असो, ज्याच्या दैवताला तो मिळतो त्याला तो जाचक वाटू शकतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यांतील पाचवी बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे साफ नाकारणारी आहे. आपल्याकडील कित्येक दशावतारचित्रांत आजही नवव्या जागी बुद्ध दिसतो, आणि काही जुन्या चित्रांत त्याच जागी विठोबा कटीवर कर ठेवून उभा असतो. तेव्हा पुढील लेखांकात विठोबा त्या जागी कसा आला, याचा विचार करू.